बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाचा इतिहास कसा लिहावा: मराठवाड्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मराठवाड्यातील बंद स्थानकांवर लिहिले जाणारे बहुतेक लेख, मग ते शाळेच्या स्मरणिकेतले असोत किंवा गावाच्या व्हॉट्सॲप गटावरचे, कामाचा क्रम उलटा धरल्यामुळे चुकतात. लिहिणारा आधी आठवणी गोळा करतो, नंतर त्यांना जुळेल असे एखादे साल शोधतो आणि कागद सहज हाती लागला तरच तो पाहतो. यामुळे नॅरोगेजच्या स्थानकाला मीटरगेजचा इतिहास चिकटतो, एका कंपनीचे श्रेय दुसरीला जाते आणि जो भूभाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेथील इमारतीला सर्रास ‘ब्रिटिशकालीन’ म्हटले जाते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. क्रम मोडण्याची मुभा एकाच बाबतीत आहे: स्थानकावर नोकरी केलेली एखादी वयोवृद्ध व्यक्ती हयात असेल, तर तिची मुलाखत सर्वांत आधी घ्यावी आणि तिची छाननी सवडीने, टप्पा ७ मध्ये करावी.

## पूर्वतयारी

एक जाड वही, ३० मीटरचा टेप, कॅमेरा असलेला मोबाइल आणि ओळखपत्र एवढे साहित्य पुरते. अभिलेखागारात प्रवेशासाठी शाळा, महाविद्यालय, ग्रामपंचायत किंवा नोंदणीकृत संस्थेचे शिफारसपत्र मागितले जाते, म्हणून ते आधीच घेऊन ठेवावे. त्या पत्रात विषय ‘रेल्वेचा इतिहास’ असा मोघम न लिहिता स्थानकाचे नाव, मार्ग आणि अंदाजे कालखंड लिहावा, कारण त्यावरूनच अभिलेखपाल कोणती दप्तरे काढायची ते ठरवतो.

उर्दू वाचणारी व्यक्ती शोधणे हेही तयारीतच येते. संस्थानाचा कारभार उर्दूत चालत असल्याने १९४८ पूर्वीचा महसुली कागद बहुधा त्याच लिपीत असतो. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे तालुक्या-तालुक्यांत माहीत झाली आहेत. तहसील कार्यालयात चौकशी केल्यास नावे मिळतात. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांच्या भाषा व इतिहास विभागांतही विचारून पाहावे.

वहीची पहिली काही पाने ‘तारीखपत्रका’साठी राखून ठेवावीत. त्यात सहा रकाने असावेत: घटना, तारीख (कागदावर आहे तशीच), कालगणना, कागदाचे नाव व पान, कागद त्याच काळातला की नंतरचा, आणि शेरा. या सहा रकान्यांत बसत नाही असे एकही साल लेखात येऊ द्यायचे नाही. हे पत्रक कंटाळवाणे वाटते आणि म्हणून बहुतेक जण ते भरत नाहीत. लेख पुढे कोठे कोसळणार, हे मात्र त्याच्या रिकाम्या रकान्यांवरूनच कळते.

## टप्पा १: स्थानकाची ओळख पक्की करणे

गावाचे नाव आणि स्थानकाचे नाव एकच असेल असे गृहीत धरू नये. मानवत रोड, लातूर रोड, कळंब रोड यांसारख्या नावांतला ‘रोड’ हा शब्द स्थानक मूळ गावापासून दूर असल्याचे सांगतो. वैजापूरसाठी रोटेगाव हे स्थानक आहे. कुर्डुवाडी जंक्शनचे जुने नाव बार्शी रोड होते, त्यामुळे जुन्या कागदातील ‘बार्शी रोड’ म्हणजे बार्शी शहराचे स्थानक समजल्यास पुढचा सगळा हिशेब चुकतो. लातूर आणि लातूर रोड ही तर दोन वेगळ्या मार्गांवर वाढलेली दोन स्थानके आहेत. त्यांचे रेल्वे प्रशासनही वेगळे आहे: लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येते, तर लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात.

त्यानंतर ‘बंद’ या शब्दाचा नेमका अर्थ ठरवावा. मार्गच उखडला गेला, मार्ग सरकला म्हणून स्थानक बाजूला पडले, रूळ चालू आहेत पण थांबा काढला गेला, किंवा शेजारी नवी इमारत झाल्याने जुनी रिकामी राहिली, अशा चार शक्यता आहेत आणि प्रत्येकीचे कागद वेगळ्या कार्यालयात सापडतात. लातूरचे जुने नॅरोगेज स्थानक शहराच्या मध्यभागी होते. रुंदीकरणानंतर, म्हणजे मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर, नवे स्थानक दुसरीकडे उभे राहिले, म्हणजे गावाची रेल्वे चालू राहिली आणि जुने स्थानक तेवढे बंद पडले. अशा ठिकाणी ‘रेल्वे बंद झाली’ असे वाक्य लिहिले की ते चूकच ठरते.

शेवटी गेज, म्हणजे दोन रुळांमधील अंतर, निश्चित करावे. ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, मीटरगेज १,००० मिलिमीटर आणि धाराशिव-लातूर भागातील बार्शी लाइट रेल्वेचे नॅरोगेज ७६२ मिलिमीटर. जुनी माणसे मीटरगेजलाही ‘छोटी लाईन’ म्हणतात आणि नॅरोगेजलाही, त्यामुळे केवळ बोलण्यावरून गेज ठरवू नये.

तपासणी: स्थानकाचे आजचे नाव, जुनी नावे, मार्ग, गेज, आधीचे व नंतरचे स्थानक आणि बंद होण्याचा प्रकार, एवढे सगळे एका परिच्छेदात लिहिता आले पाहिजे. लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २: मालकीची साखळी मांडणे

कागद कोठे शोधायचा हे स्थानक त्या वर्षी कोणाच्या ताब्यात होते यावर अवलंबून असते. मराठवाड्यात ही साखळी दोन प्रमुख मार्गांवर दोन प्रकारे जाते, आणि दोन्हींची सरमिसळ ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा जाणारा मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग होता आणि तो १९००-०१ च्या सुमारास पुरा झाला. तो निजामाच्या हमीवर चालणाऱ्या रेल्वे कंपनीच्या व्यवस्थेखाली होता. १९३० मध्ये संस्थान सरकारने रेल्वे विकत घेतली आणि निजाम स्टेट रेल्वे हे सरकारी खाते झाले. १९५० मध्ये ही रेल्वे भारत सरकारकडे आली, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली आणि २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर तिच्याकडे गेली. नांदेड विभाग २००३ पासूनचा आहे, म्हणून त्याआधीच्या फाइली नांदेडला असतीलच असे नाही. हैदराबाद आणि सिकंदराबाद ही नावेही अर्जात घ्यावी लागतात.

धाराशिव-लातूर भागातील नॅरोगेजची गोष्ट वेगळी. बार्शी लाइट रेल्वे ही लंडनमध्ये स्थापन झालेली खासगी कंपनी होती आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा सूत्रधार अभियंता होता. बार्शी रोड ते बार्शी हा पहिला भाग १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९११ मध्ये मार्ग लातूरपर्यंत पोहोचला. बार्शी ब्रिटिश मुलखात, सोलापूर जिल्ह्यात होती. तिथून पुढे मार्ग संस्थानच्या हद्दीत शिरत असे. त्यामुळे एकाच मार्गावरील लागोपाठच्या दोन स्थानकांचे भूसंपादन दोन वेगळ्या सरकारांनी केलेले असू शकते. १ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने ताब्यात घेऊन मध्य रेल्वेला जोडली.

यापुढची कडी बहुतेक जण विसरतात. सोलापूर विभाग १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये मध्य रेल्वेकडे परत आला. म्हणजे बार्शी लाइटच्या एखाद्या स्थानकाचा १९७० चा आदेश सिकंदराबादच्या मुख्यालयातून निघालेला असू शकतो. मुंबईला विचारून ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर आले म्हणून शोध थांबवण्याचे कारण नाही.

सावधान: निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ पासून बससेवाही चालवली. त्या खात्याच्या कागदांत एखाद्या गावाचे नाव आणि भाडे दिसले, एवढ्यावरून तेथे रेल्वे स्थानक होते असा निष्कर्ष काढू नये.

साखळी मांडून झाली की लगेच माहिती अधिकाराचा अर्ज करावा (तो कसा लिहायचा ते टप्पा ५ मध्ये आहे). उत्तर यायला ३० दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात टप्पा ३ व ४ पूर्ण होतात. सर्व काम झाल्यावर शेवटी अर्ज करणाऱ्याचा महिना फुकट जातो.

## टप्पा ३: नकाशे जुळवणे

जागेवर जाण्याआधी नकाशा पाहावा, कारण जुना फलाट आज शेतात, रस्त्याखाली किंवा कोणाच्या कुंपणात असू शकतो. सर्व्हे ऑफ इंडियाची पत्रके क्रमांकाने शोधली की वेळ वाचतो: लातूर आणि धाराशिव ‘५६ बी’ मध्ये, परभणी ‘५६ ए’ मध्ये, नांदेड ‘५६ ई’ मध्ये, छत्रपती संभाजीनगर ‘४७ एम’ मध्ये आणि बार्शी ‘४७ एन’ मध्ये येते. जुनी पत्रके एका मैलाला एक इंच या प्रमाणात आणि नंतरची १:५०,००० प्रमाणात आहेत. अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेली १:२,५०,००० प्रमाणाची पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत. त्यांतून गेज आणि स्थानकांचा क्रम लवकर कळतो, मात्र स्थानकाची नेमकी जागा त्यांवरून ठरवू नये.

नकाशाच्या कडेला दोन वर्षे छापलेली असतात: एक मोजणीचे, दुसरे छपाईचे. तारीखपत्रकात मोजणीचे वर्ष घ्यावे. उशिरा छापलेल्या पत्रकात आधीच बंद झालेले स्थानक दिसू शकते आणि त्यावरून ‘त्या वर्षीपर्यंत स्थानक चालू होते’ असे लिहिले जाते.

त्यानंतर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्यावा. रेल्वेची पट्टी त्यात गटांच्या मधून जाणारी वेगळी पट्टी म्हणून दिसते, आणि स्थानकापाशी ती अचानक रुंद होते. ती रुंदी जुन्या यार्डाची हद्द सांगते. उपग्रहचित्रांत जुनी तारीख निवडण्याची सोय वापरावी. कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रुंदीकरण २००७ आणि २००८ मध्ये, धाराशिवच्या दोन बाजूंनी दोन टप्प्यांत पूर्ण झाले, आणि नवा मार्ग धाराशिव शहराजवळून नेल्यामुळे जुना काही ठिकाणी पूर्ण वेगळ्या दिशेला राहिला. तो मातीच्या भरावाच्या रूपाने चित्रात अजून ओळखू येतो.

तपासणी: जुना नकाशा, गाव नकाशा आणि उपग्रहचित्र या तिन्हींवर एकच जागा दाखवता आली पाहिजे. दोनच जुळत असतील, तर बहुधा गाव नकाशातील शिवार चुकलेले असते.

## टप्पा ४: जागेची पाहणी

परवानगीशिवाय आत जाऊ नये. रूळ काढले गेले तरी जमीन बहुधा रेल्वेचीच असते, आणि रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. विभागीय कार्यालयाला तारीख, वेळ आणि सोबतच्या व्यक्तींची नावे कळवून लेखी परवानगी घ्यावी. शेजारून चालू मार्ग जात असेल तर हे अधिकच आवश्यक ठरते. छत खचलेल्या खोलीत, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर आणि झाकण नसलेल्या विहिरीजवळ जाण्याचे कारण नाही. बाहेरून काढलेले छायाचित्र पुरेसे असते. गवत वाळल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनात गेल्यास फलाटाची कड, खांबांचे पाये आणि नाल्या स्पष्ट दिसतात.

आधी फिरून कच्चा आराखडा काढावा, मग मोजमाप घ्यावे आणि छायाचित्रे सर्वांत शेवटी काढावीत. उलट केल्यास घरी आल्यावर कोणता खांब कोठला ते आठवत नाही. आराखड्यात स्थानक इमारत, फलाट, मालधक्का, पाण्याची टाकी व इंजिनाला पाणी देणारा खांब, केबिन, फाटक, कर्मचाऱ्यांची बैठी घरे आणि विहीर यांच्या जागा दाखवाव्यात. मालधक्क्याकडे विशेष लक्ष द्यावे. परभणी, सेलू, जालना या पट्ट्यात कापूस आणि गाठींच्या वाहतुकीमुळे अनेक ठिकाणी प्रवासी फलाटापेक्षा मालाची बाजू मोठी असे, आणि स्थानक कोणासाठी होते हे त्या प्रमाणावरून समजते. जुन्या जिनिंगच्या आवारापर्यंत फाटा गेल्याच्या खुणा आढळल्या तर त्या शेवटपर्यंत चालत जाऊन नोंदवाव्यात.

गेजचा पुरावा जागेवरही मिळतो. रूळ शिल्लक असतील तर दोन रुळांच्या माथ्यांच्या आतल्या कडांमधील अंतर मोजावे. नसतील तर पडलेल्या स्लीपरवरील (रुळांखालच्या आडव्या पाटावरील) भोकांच्या जोड्या किंवा लहान पुलाच्या भिंतींची रुंदी पाहावी. मात्र स्लीपर दुसरीकडून आणून कुंपणाला लावलेला असू शकतो, म्हणून तो एकटा पुरावा धरू नये.

सावधान: रुळाच्या उभ्या भागावर कारखान्याचे नाव, साल आणि वजन उठावाच्या अक्षरांत असते, आणि महिना काही वेळा रोमन अंकांत दिलेला असतो. ते साल रूळ तयार झाल्याचे असते. रेल्वेत जुने रूळ एका मार्गावरून काढून दुसऱ्यावर, नंतर बाजूच्या फाट्यावर आणि अखेर फाटकाचा खांब म्हणून वापरले जातात. त्यामुळे खांबावर १८९० च्या दशकातील साल दिसले म्हणून स्थानक तितके जुने ठरत नाही. स्थानिक वृत्तपत्रांतील कितीतरी ‘शोध’ याच एका खांबावर उभे असतात.

नामफलक शिल्लक असेल तर त्यावरील सर्व लिप्या, नावाचे स्पेलिंग, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि रंगाच्या थराखाली दिसणारी जुनी अक्षरे टिपावीत. रंग खरवडू नये. पडलेली वस्तू, मग ती फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) असो वा दिव्याचे झाकण, उचलून आणू नये. जागीच छायाचित्र घ्यावे.

## टप्पा ५: कागद मिळवणे

महसुली कागदापासून सुरुवात करावी, कारण तो तालुक्यातच मिळतो. सातबाऱ्यावर रेल्वेची नोंद कोणत्या फेरफाराने आली ते पाहावे आणि त्या फेरफाराची नक्कल काढावी. त्यामागे खासरा पाहणी पत्रक आणि त्याहूनही मागे सेतवार या जुन्या जमीन-नोंदींपर्यंत प्रवास करावा. शहरी हद्दीत मालमत्ता पत्रक लागते. गट क्रमांक आणि त्याआधीचा सर्व्हे क्रमांक यांचा ताळमेळ न लावता अर्ज केल्यास शेजारच्या शेताचा कागद हाती पडतो.

छापील साधनांत जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका उपयोगी आहेत. १९५१ पासूनच्या या पुस्तिकांत गावनिहाय माहिती मिळते, आणि गावाला जवळचे स्थानक कोणते याची नोंद लागोपाठच्या पुस्तिकांतून पाहत गेल्यास स्थानक कोणत्या दशकात गळाले ते कळते. जिल्हा गॅझेटियर संदर्भासाठी घ्यावे, पण त्यातील साल पुन्हा तपासावे. जुनी सार्वजनिक वेळापत्रके रद्दीवाल्याकडे आणि जुन्या वाचनालयांतही सापडतात. एका वर्षाच्या वेळापत्रकात नाव आहे आणि पुढच्या वर्षी नाही, एवढा पुरावाही मोलाचा असतो.

अभिलेखागारांत दोन ठिकाणे महत्त्वाची: संस्थानकाळासाठी हैदराबादच्या तारनाका येथील तेलंगणा राज्य अभिलेखागार आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील कार्यालय. निजाम सरकारचे राजपत्र, म्हणजे जरीदा, भूसंपादनाच्या जाहिरातींसाठी पाहावे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. तेथे नावाची जुनी स्पेलिंगे एकेक करून टाकावी लागतात: परभणी, परळी, पूर्णा या प्रत्येकाची किमान दोन रूपे आढळतात. अंबाजोगाई परिसराचे कागद मोमिनाबाद या नावाखाली असतात.

आता माहिती अधिकार. रेल्वे केंद्र सरकारची असल्याने तिच्यासाठी केंद्राचे संकेतस्थळ आणि भूमि अभिलेखासाठी राज्याचे, हे दोन अर्ज वेगळे करावे लागतात. शुल्क प्रत्येकी १० रुपये आहे. केंद्राकडील अर्ज साधारण ५०० शब्दांपर्यंत आणि राज्याकडील १५० शब्दांपर्यंत, एकाच विषयाचा असावा. ‘स्थानकाचा इतिहास द्यावा’ किंवा ‘स्थानक का बंद केले’ असे विचारल्यास उत्तर येत नाही, कारण माहिती अधिकाऱ्याने कागदावर असलेली माहिती द्यायची असते, कारणमीमांसा करायची नसते. अर्ज साधारण असा असावा:

‘(१) अमुक स्थानक प्रवासी वाहतुकीसाठी बंद करण्याच्या आदेशाची प्रत द्यावी. (२) त्या स्थानकाच्या जमीन आराखड्याची आणि यार्ड आराखड्याची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत द्यावी. (३) बंद होण्याच्या वेळी लागू असलेल्या स्टेशन वर्किंग रूलची (स्थानकाच्या कामकाजाच्या नियमांची) प्रत द्यावी. (४) या स्थानकाविषयी आपल्या कार्यालयात असलेल्या फाइलींची यादी द्यावी व त्या प्रत्यक्ष पाहण्यास परवानगी द्यावी.’

चौथा मुद्दा सर्वांत उपयोगी पडतो. प्रत्यक्ष पाहणीत पहिला तास विनाशुल्क असतो आणि पुढील प्रत्येक तासाला ५ रुपये लागतात. प्रतींसाठी पानाला २ रुपये. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर कलम ६(३) नुसार अर्ज तिकडे पाठवणे बंधनकारक आहे, आणि अर्जातच त्याचा उल्लेख केल्यास टोलवाटोलवी कमी होते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीला कलम ८(३) मुळे बहुतेक अपवाद लागू होत नाहीत. ‘मुदत संपल्याने फाइल नष्ट केली’ असे उत्तर आले तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागावी, कारण त्या नोंदीत फाइलचा विषय आणि वर्षे मिळतात.

तपासणी: किमान एक महसुली, एक रेल्वेचा आणि एक छापील, असे तीन स्वतंत्र कागद हाती असावेत. एकाच गॅझेटियरवरून उतरवलेली तीन पुस्तके म्हणजे तीन पुरावे होत नाहीत.

## टप्पा ६: तारखा आणि आकड्यांची छाननी

संस्थानी कागदांवरील साल बहुधा फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, असते. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून सुरू होई. वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. महिना माहीत नसेल तर जोडसाल लिहावे. एकच साल निवडण्याचा मोह टाळावा. ‘१३२०’ हा आकडा पाहून तो हिजरी आहे की फसली याचा विचार न करता रूपांतर केले तर आठ-नऊ वर्षांची चूक सहज होते.

पैशांच्या बाबतीतही असाच सापळा आहे. संस्थानात हाली शिक्का (संस्थानाचे स्वतःचे) आणि कलदार (ब्रिटिश सरकारचे) अशी दोन चलने चालत आणि सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार असा दर असे. इंग्रजी कागदांत हालीसाठी ‘ओ. एस.’ आणि कलदारसाठी ‘बी. जी.’ ही अक्षरे येतात. रेल्वेच्या अंदाजपत्रकातील हे ‘बी. जी.’ ब्रॉडगेज समजून मीटरगेजच्या मार्गाला ब्रॉडगेज ठरवले जाण्याचा धोका खरा आहे. आकड्याआधी रुपयाचे चिन्ह आहे का ते पाहावे.

पुठ्ठ्याच्या जुन्या तिकिटावरूनही काळ बांधता येतो. भाडे आण्यांत असेल तर तिकीट दशमान नाणी येण्याआधीच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या छपाईचे असते. तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. अंतर मैलांत असेल तर ते साधारणपणे साठच्या दशकारंभापूर्वीचे. तथापि जुना साठा संपेपर्यंत तिकिटे विकली जात, म्हणून या मर्यादा ताठ धरू नयेत.

यानंतर तारीखपत्रकातील ‘सुरू’ आणि ‘बंद’ हे शब्द फोडून लिहावेत. सुरू होण्याच्या निदान चार तारखा असतात: मार्गाला मंजुरी, मालगाड्या धावू लागणे, प्रवासी वाहतूक सुरू होणे आणि त्या विशिष्ट स्थानकाचे उघडणे. मार्ग सुरू झाला त्याच दिवशी त्यावरचे प्रत्येक स्थानक उघडले असे मानले जाते, पण कित्येक लहान स्थानके नंतर, गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी किंवा गावाच्या मागणीवरून झालेली असतात. प्रवासी वाहतुकीसाठी सुरक्षेची तपासणी आणि मंजुरी लागते, त्यामुळे त्या अहवालाची तारीख मिळाली तर तिला प्राधान्य द्यावे. बंद होण्याच्याही शेवटची गाडी, अधिकृत आदेश, रूळ काढणे आणि इमारत सोडणे अशा वेगवेगळ्या तारखा असतात, आणि गावकऱ्यांना आठवते ती बहुधा रूळ काढण्याची.

## टप्पा ७: आठवणी गोळा करणे

आठवणींचे काम इतक्या उशिरा ठेवण्याचे कारण असे की, आता आपल्याला काय विचारायचे ते माहीत असते. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, गँगमन, फाटकवाला, मालधक्क्यावरचे हमाल, चहावाला आणि रोज शाळेला गाडीने जाणारे विद्यार्थी या सर्वांना वेगवेगळी माहिती असते. सगळ्यांना एकत्र पारावर बसवून विचारू नये. एक बोलला की बाकीचे त्याचेच पुढे नेतात.

साल विचारू नये, खूण विचारावी. ‘काका, गाडी पोलीस ॲक्शनच्या आधीही इथे थांबायची का?’, ‘मावशी, बहात्तरच्या दुष्काळात मालधक्क्यावर काय उतरायचे?’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी स्थानकात मास्तर होते की नाही?’ असे प्रश्न केल्यास उत्तर १९४८, १९७२ आणि १९९३ या पक्क्या खुंट्यांना बांधले जाते. त्यातही ‘पोलीस ॲक्शन’विषयी बोलताना काही घरांत दुःखाच्या आठवणी निघतात. तो विषय स्थानकापुरताच ठेवावा आणि सांगणाऱ्याने थांबायचे म्हटले की थांबावे.

जुने छायाचित्र किंवा टप्पा ४ मधील आराखडा समोर ठेवल्यास माणसे हाताने जागा दाखवू लागतात, आणि ती माहिती तोंडी सालांपेक्षा कितीतरी भरवशाची असते. ध्वनिमुद्रणाला आणि नाव छापण्याला स्वतंत्र संमती घ्यावी. निवृत्त कर्मचाऱ्याचा पत्ता, निवृत्तिवेतनाचे कागद किंवा सेवापुस्तकाचे छायाचित्र लेखात देऊ नये.

सावधान: ‘निजामाची खास गाडी इथे थांबत असे’ आणि ‘अमुक पुढारी इथेच उतरले होते’ या दोन आठवणी जवळपास प्रत्येक स्थानकावर ऐकू येतात. त्या काळचा कागद नसेल तर त्या ‘असे सांगितले जाते’ या शब्दांतच द्याव्यात, आणि शीर्षकात तर मुळीच आणू नयेत.

## टप्पा ८: लेखन आणि जपणूक

पहिल्या परिच्छेदात टप्पा १ मधील ओळख द्यावी. त्यानंतर कालक्रम आणि शेवटी आजची अवस्था. जिल्ह्यांची नावे त्या काळात होती तशी लिहून पहिल्या उल्लेखात आजचे नाव द्यावे: उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव. ‘ब्रिटिशकालीन’ऐवजी ‘संस्थानकालीन’ किंवा थेट वर्ष लिहावे. बार्शी लाइटसाठी ‘निजामाची रेल्वे’ असा शब्दप्रयोग करू नये.

दोन कागदांत दोन तारखा असतील तर दोन्ही द्याव्यात आणि आपण कोणती अधिक ग्राह्य मानतो ते एका वाक्यात कारणासह सांगावे. सरासरी काढून किंवा ‘सुमारे’ लिहून मतभेद झाकू नये. ‘सुमारे’ हा शब्द केवळ तेव्हाच वापरावा, जेव्हा तारीखपत्रकातच अंदाज आहे.

मसुदा दोघांना दाखवावा: रेल्वेत काम केलेल्या एकाला आणि गावच्या जमिनींची माहिती असलेल्या एकाला, शक्यतो जुन्या तलाठ्याला. पहिला यार्डातील चुका पकडतो, दुसरा शिवारातील. दोघांनाही लेख ‘कसा वाटला’ असे न विचारता, हातात पेन्सिल देऊन चुकलेल्या ओळींखाली रेघ मारण्यास सांगावे.

छायाचित्रांच्या फाइलींना स्थानक, तारीख आणि दिशा या क्रमाने नावे द्यावीत, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फाइलीत यांपैकी काहीच उरत नाही आणि चित्राचा दर्जाही घसरतो. तारीखपत्रक, आराखडा, मिळालेल्या कागदांच्या प्रती आणि ध्वनिमुद्रणे यांचा एक संच गावच्या वाचनालयात व एक संच जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोच घेऊन द्यावा. लेखावर आवृत्तीची तारीख टाकावी. माहिती अधिकाराच्या अपिलात नवा कागद मिळाला की आधी तारीखपत्रक दुरुस्त करावे आणि त्यानंतरच लेखातील वाक्य बदलावे.